खाणीतला वड

जाईबाईच्या पायाला भिंगरी होती. लालबागच्या त्या चाळीत ती निवांत बसलेली कुणी पाहिली असेल तर त्यानं खुशाल पुढं यावं. शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की बाई कमरेवर घागर घेऊन निघालीच वडाळ्याकडं, बंद पडलेल्या खाणीत.

तिथं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, लहूनं, उमेदीची वर्षं दगड फोडण्यात घालवली होती. पूर्वी तिथं हिरवी टेकडी होती. करंज, पांगारा, काटेसावर आणि माथ्यावर एक वड. ती अख्खी टेकडी जाईबाईनं पाटीत भरून डोक्यावरून खाली उतरवली, असं म्हटलं तरी खोटं नाही. मग एके दिवशी दरड सुटली आणि लहू तिच्याखाली गेला. खाण बंद पडली, मालकानं दुसरीकडं बस्तान हलवलं. मागं राहिलेला उघडा कातळ जाईबाईच्या डोळ्यांत सलत राहिला.

म्हणून तिनं भेगांत माती भरली, पांगाऱ्याचे खुंट रोवले, करंजाच्या बिया टोचल्या, वडाचं एक रोप लावलं. निम्मं शेळ्यांनी खाल्लं, उरलेलं उन्हानं. ही परत लावायची. शेजारचा रमाकांत म्हणाला, "मावशी, गुलमोहर लावा ना. फटाफट वाढतो."

"न्हेलं ते इथलं, आन् परत द्यायचं ते परक्या मुलखातलं झाड व्हय रं?" जाईबाईनं त्याला उडवून लावलं.

एवढ्या खटपटीतून काही करंज तगले आणि एक वड. गुडघ्याएवढा असेल, पण तिचा जीव की प्राण.

ते वर्ष छप्पन्नचं. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती. गोळीबार झाले, धरपकड चालूच होती. जाईबाईचा एकुलता एक मुलगा उत्तम गिरणीत होता. सत्याग्रहात गेला तो थेट ठाण्याच्या तुरुंगात. जाईबाईला अन्न गोड लागेना. पोराला सोडवणं हातात नव्हतं, वडाला पाणी घालणं होतं. वड जगला तर उत्तम धडधाकट परत येईल, असं तिनं मनाशी धरलं. सून बकुळालाही हे बोलली नाही.

आणि वटपौर्णिमेच्या सकाळी खाणीत जाऊन बघते तर वडाचा शेंडा मोडलेला. खुंटातून पांढरा चीक गळत होता.

जाईबाई तणतणत घरी आली. मोडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार वाटेतच उरकला होता. दारात पाऊल टाकलं, तर समोर बकुळा. नेसून सवरून बसलेली, पाटावर वडाची फांदी, आणि ती फांदीला सूत गुंडाळत होती.

"ही कुठनं आणलीस गं?"

"आपल्या खाणीतनं," बकुळा हसून म्हणाली. "बाजारात मिळत हुती, आत्याबाई. पर ती कुणी तोडली, कुठली, काय म्हाईत? हा तुमच्या हातचा वड. ह्यांच्यासाठी म्हटलं घरचाच आणावा."

जाईबाईचा उगारलेला हात तसाच राहिला. लहूसाठी तीही दरसाल फांदी आणायची, पुजायची आणि दुसऱ्या दिवशी नाल्यात टाकून द्यायची. रीतच होती. पण मनातला कढ काही आवरेना. "अगं, माझ्या उत्तमचा जीव मोडलास तू!" म्हणून ती भडभडून रडली, आणि सगळं सांगून टाकलं. बकुळानं हातातलं सूत खाली ठेवलं.

पुढचे दिवस दोघींनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. रस्त्यावर पोलिसांची गाडी दिसली तरी हातातलं काम टाकून दोघी दाराशी यायच्या. बकुळाही आता घागर घेऊन सासूच्या मागं जायची. दोघी खुंटाला पाणी घालायच्या आणि एकमेकींकडं न बघता परतायच्या. आषाढात मोडलेल्या जागेखाली दोन कोंब फुटले. तरी जाईबाईला धीर नव्हता. उत्तम सुटून दारात उभा राहिला तेव्हा कुठं ती दुपारी घटकाभर झोपली. मेलं पोरगं शांत थोडंच बसणार! आठवड्यात पुन्हा मोर्च्यात.

पुढच्या वटपौर्णिमेला गल्लीत फांद्या विकायला आल्या. बकुळानं तिकडं पाहिलंही नाही. चाळीतल्या बायकांना घेऊन ती खाणीत आली. एवढ्याशा वडाभोवती फेरे घेताना बायकांची हसून मुरकुंडी वळली; झाडापेक्षा सूतच जास्त झालं होतं. विधवा म्हणून जाईबाई लांब करंजापाशी उभी होती.

"आत्याबाई, या," बकुळानं तांब्या पुढं केला. "पाणी तुम्ही घाला."

बायकांत कुजबुज झाली. जाईबाईनं तांब्या घेतला. लहू होता तोवर तिनं दरसाल तोडलेली फांदीच पुजली होती, त्याच्या नावानं झाडाच्या मुळाशी एकदाही पाणी घातलं नव्हतं. ती खाली बसली आणि हळूहळू तांब्या ओतत राहिली. मग कितीतरी वेळ वडापाशी निवांत बसून राहिली, उठलीच नाही.