बांधावरची आग

"उसाचं पाचट जाळू नका हो," हेच सांगत मी स्कूटीवरून अंकुशनगरच्या आसपासची गावं फिरते. संस्था त्याचाच पगार देते. लोक चहा पाजतात, माना डोलावतात, आणि ऊस तोडून टोळी गेली रे गेली की वाळल्या पाल्याला काडी लावतात. रान मोकळं झालं म्हणतात. काय बोलायचं!

एका मावशीनं मात्र माझं ऐकलं. नवरा गेल्यापासून शेत तीच बघायची. सगळं पाचट तिनं सऱ्यांमध्ये दाबलं, वर शेणकाला शिंपडला. गाव हसलं. बांधाला बांध असलेला तिचा दीर येता-जाता टोमणा मारायचा, "वहिनी, रान हाय का उकिरडा?"

"न्हाई पेटवायचं म्हंजी न्हाई," मावशी म्हणायची.

ऊन तापलं तरी पाचटाखालची माती ओली होती. पाला उचलला की गांडुळं वळवळायची. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा गुडघ्याएवढा झाला होता. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! चार गावच्या शेतकऱ्यांना मी तिचं रान बघायला बोलावलं.

आदल्या दिवशी दुपारी दिरानं आपलं पाचट पेटवलं. त्याचा ऊस उशिरा तुटला होता. त्याच्या मनात वाईट नव्हतं, सगळे पेटवतात तसं त्यानं पेटवलं. वारा फिरला आणि आग बांध ओलांडून आली. आख्ख्या शिवारात जळण्यासारखं उरलं होतं ते फक्त मावशीकडंच. ठिबकच्या नळ्या वितळल्या, खोडवा करपून गेला.

दुसऱ्या दिवशी लोक आले. ज्यांनी तोडणीनंतर लगेच जाळलं होतं त्यांची रानं हिरवीगार, आणि जाळलं नाही तिचंच काळं. एक म्हातारा जाताना म्हणाला, "ताई, बराबर टायमाला पेटवलं असतं तर वाचलं असतं बघा." मला तिथंच रडू फुटलं. मावशी जळक्या नळ्या उपटत होती.

तिनं खोडवा मोडून नव्या उसाची लागण केली. यंदा तो ऊस तुटला तशी मी धावत गेले. ती काडेपेटी घेऊनच उभी होती.

"मावशी, बांधाकडचा पट्टा साफ ठेवू, मंग आग येणार न्हाई..."

"तुझं खरं हाय पोरी. ती गांडुळं मी डोळ्यानं पाह्यलीत. पण एकटीनं न्हाई जमत." तिनं काडी ओढली. मग लिंबाची एक ओली फांदी माझ्या हातात दिली. "तू बांधावर उभी राह्य. दिराकडं जाऊ देऊ नको."

यंदा दिराचा ऊस आधी तुटला होता. रान जाळून झालं होतं, खोडवा पुन्हा फुटून वर आला होता. मी दुपारभर धुरात डोळे पुसत, फांदीनं आग झोडपत, त्याचं हिरवं रान राखत राहिले.