मधला यशवंता

टेलिफोन एक्सचेंजात नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोक आपणहून कानात आणून टाकतात. एखाद्याच्या अंगणात वाऱ्याने कचरा जमावा तसे ते जमत जातात, आणि झाडून काढायला घेतले की प्रत्येक काडी ओळखीची निघते. मग झाडणं राहून जातं.

परवा ते सगळं पुन्हा हललं, ते माझ्या पुतण्यामुळे. सुभाष मुंबईला एका मोठ्या संस्थेत कॉम्प्युटरवर काम करतो. सुट्टीला आला होता. मी विचारलं, “नक्की करतोस काय तू?”

तो म्हणाला, “काका, मशीन एकच असतं. पण त्याच्यावर एकाच वेळी पुष्कळ जण काम करतात, आणि प्रत्येकाला वाटतं की अख्खं मशीन आपल्या एकट्याचं आहे. ते त्याचं मशीन खरं तर नसतंच. आभासी असतं.”

“बरं.”

“आता या आभासी मशीनला टेपवरचं, डिस्कवरचं काही हवं असलं तर मधे एक सुपरवायझर प्रोग्राम बसलेला असतो. त्याला सांगायचं. तो तिकडून उचलणार, आपल्याजवळ उतरवून घेणार, मग इकडे देणार. त्यात वेळ जातो. आम्ही असं करतोय की आभासी मशीनचा हात थेट त्या यंत्राच्या मेमरीत जावा. मधल्याने हातच लावायचा नाही.”

मी म्हटलं, “अरे, हे तर आमचं एक्सचेंज.”

तो हसला. मी काही सांगायला लागलो की घरातले सगळे असेच हसतात. पण ऐका, आणि मग ठरवा.

*

गावाचं नाव घेत नाही. सुरत-भुसावळ गाडीतून उतरल्याबरोबर ज्या स्टेशनवर माणसाला शिंक येते, ते आमचं गाव. हंगामात गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरच्या वाळत पडलेल्या असतात, आणि त्यांचा ठसका तिकीट न काढता आत येतो.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. एक्सचेंज म्हणजे एक खोली. भिंतीला भोकाभोकांचा बोर्ड, त्याच्यापुढे स्टुलावर ऑपरेटर यशवंता. डोक्याला हेडफोन, हातात दोऱ्या. या भोकातली दोरी त्या भोकात घातली की माणूस माणसाशी बोलायचा. खिडकीशी मी, कॉल बुक करायला. कोपऱ्यात गिऱ्हाइकासाठी बूथ. माझ्याजवळही एक जादा हेडफोन असे. कामासाठी हो.

मुंबईची लाईन एकच. पण चंपालालशेठला वाटे ती त्यांची. नटूभाईंना वाटे ती त्यांची. दोघेही मिरचीवाले, दोघांच्या पेढ्या पाठीला पाठ लावून, मधे एक भिंत. नटूभाई मुंबईशी बोलत असले की यशवंता चंपालालना सांगायचा, “शेठ, तुमचीच लाईन पुसून घेतोय. जरा दम धरा.” आणि शेठ समाधानाने दम धरायचे. पुसलेली लाईन मिळणार म्हटल्यावर कोण घाई करील?

दसऱ्याला चंपालालशेठ पूजेचं ताट घेऊन आले. “आमचा लाईन कुठला? त्याला कुंकू लावायचा.” यशवंताने मुंबईचं भोक दाखवलं. शेठनी चिमूटभर कुंकू वाहिलं, हात जोडले. ते गेल्यावर नटूभाई आले, तेही ताट घेऊन. यशवंताने तेच भोक दाखवलं. मग कापसाचे जिनवाले आले, दलाल आले. त्या एका भोकाची जेवढी पूजा झाली तेवढी गावातल्या मारुतीचीही त्या दिवशी झाली नसेल.

दुसऱ्या दिवशी मुंबईचा ऑपरेटर ओरडतोय, “काय खरखर आहे ही? तुमच्याकडे पाऊस पडतोय का?”

यशवंता शांतपणे म्हणाला, “नाही. कुंकू.”

*

आता ते मधलं काम. लाईन अशक्त असे. पलीकडचा आवाज ऑपरेटरच्या हेडफोनपर्यंत कसाबसा पोचायचा, पण पुढे गिऱ्हाइकाच्या कानात जाईपर्यंत त्याचा जीव जायचा. मग यशवंताने इकडचं ऐकून तिकडे सांगायचं, तिकडचं ऐकून इकडे. प्रत्येक वाक्य त्याच्या तोंडातून जायचं. सुभाषचा सुपरवायझर, दुसरं काय?

यशवंता घरी अहिराणी बोलायचा, पण लाईनवर एकदम शाळेतल्या पुस्तकातलं मराठी. त्याचं म्हणणं, सरकारी तारेतून गावठी भाषा गेली तर तार गंजते.

एकदा चंपालालशेठ मुंबईच्या अडत्यावर भडकले. माल ओला निघाला असं तो म्हणत होता. शेठनी बूथमधून त्याच्या आईचा जो उद्धार सुरू केला, तो बाहेरच्या रांगेतल्या बायका कान झाकून ऐकत होत्या. शेठ थांबले. “सांग त्याला.”

यशवंताने घसा साफ केला. “शेठ आपल्या मातोश्रींची वारंवार आठवण काढत आहेत.”

मग अडत्याचं उत्तर आलं आणि यशवंताने ते जसंच्या तसं इकडे सांगितलं, “आई आता बऱ्या आहेत, म्हणतात. शेठनी एवढी आपुलकीने चौकशी केली, त्यांना भरून आलंय.”

शेठ बूथमधून बाहेर आले, पगडी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, “माणूस वाईट नाही.”

*

तरी पण लोकांना यशवंता मधे नको असायचा. शेठ लोक तर कायम म्हणत, “डायरेक्ट दे रे. मधे कान नको.”

एकदा यशवंता तापाने पडला आणि बदली ऑपरेटर आला. भिडस्त माणूस. शेठनी ‘डायरेक्ट’ म्हटल्याबरोबर त्याने दोरी घातली, हेडफोन काढून ठेवला आणि चहा घ्यायला बसला. फक्त दोरी एक भोक शेजारी गेली. ते भोक नटूभाईंच्या पेढीवरच्या फोनचं.

चंपालाल समजले मुंबई लागली. नटूभाई समजले मुंबईहून आला.

“काय, हवा कशी आहे तिकडे?” चंपालालनी विचारलं.

“ठसका फार आहे, शेठ.”

“मुंबईत पण?”

“मुंबईत पण का? मग सगळीकडेच आहे.”

असं पुष्कळ वेळ चाललं. कुठल्या पथारीवरचा माल आधी काढायचा, कोणाला काय सांगून थोपवायचं, सगळं चंपालालनी मोकळ्या मनाने सांगून टाकलं. बाहेर पडताना बदली ऑपरेटरची पाठ थोपटून म्हणाले, “याला म्हणतात लाईन. माणूस जसा भिंतीपलीकडे बसून बोलतो.”

हे सुभाषला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसायचा थांबला. “काका, आम्हाला हीच भीती आहे. दार थेट उघडून दिलं आणि ते दुसऱ्याच्याच खोलीत उघडलं तर? एकाचं मशीन दुसऱ्याच्या मेमरीत हात घालील. म्हणून दारावर राखण ठेवावी लागते.”

मी म्हटलं, “पथारीवर पण ठेवतात. नाहीतर मिरची सगळी सारखीच लाल.”

*

धडगावकडे डोंगरात एक नवा मास्तर लागला होता. बायको माहेरी, नाशिकच्या बाजूला. नुकतंच लग्न. बसने धूळ खात खाली यायचा, कॉल लावायचा आणि रांगेसमोर घाम पुसत उभा राहायचा. कारण तो जे बोलेल ते यशवंता मोठ्याने पुढे सांगणार.

त्या दिवशी मास्तर बूथमधून बाहेरच आला आणि यशवंताच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटला.

यशवंताने तोंडापुढे हात धरून, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं, “मास्तर म्हणतात, करमत नाही.”

रांगेतली माणसं एक पाऊल पुढे सरकली. विसरवाडीचा एक ट्रकवाला, गाडी वाटेत फसलेली, सुरतेला बोलायला ताटकळून भांडायच्या बेतात होता, तोही कान देऊन उभा राहिला. पलीकडचा, बाईंच्या गावच्या पोस्टातला ऑपरेटर म्हणाला, “बाई काही बोलत नाहीत.”

“मग काय करताहेत?”

“पदराचं टोक बोटाला गुंडाळताहेत.”

“आणि?”

“सोडताहेत. पुन्हा गुंडाळताहेत.”

हे सगळं मोठ्याने पुढे सांगून यशवंता मास्तरकडे वळला. “मास्तर, निरोप पोचला. उत्तर आलं.”

ट्रकवाल्याने रांगेतला आपला नंबर मास्तरला देऊन टाकला. म्हणाला, “मन्ही गाडी फसेल शे, ती कथी जास?”

*

मी एकदा यशवंताला विचारलं, “तू कोणाला फोन करतोस रे?”

“मी? मी तर सगळ्यांनाच करतो.”

खरं होतं. आणि तरी नव्हतंही. तो लहान असतानाच त्याची आई गेली. पुढे मामाकडे वाढला, नोकरी लागल्यावर स्टेशनसमोरच्या खानावळीत जेवू लागला. खानावळवाली ताट वाढायची आणि काही न विचारता वळायची. एवढंच काय ते त्याचं घर.

*

मग आवाज वाढवायचं यंत्र आलं. लाईनवर कुठेतरी मधे बसवलं, आणि एका सकाळी मुंबई खणखणीत ऐकू यायला लागली. सगळे डायरेक्ट. गावात आनंदीआनंद. चंपालालशेठनी पहिल्याच दिवशी अडत्याला पोटभर शिव्या घातल्या. त्या बिचाऱ्याने त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच त्या ऐकल्या, आणि वर्षानुवर्षांचा व्यवहार त्याच दुपारी तुटला. शेठ महिनाभर म्हणत होते, “यंत्रात काय तरी खराबी आहे.”

सुभाषचं म्हणणं, मधला गेला की सगळं सुरळीत होतं. होतही असेल. त्याला मी हे सगळे किस्से सांगितले. एक तेवढा सांगितला नाही. त्याचं काम अजून चालू आहे, उगाच कशाला.

*

कोरीटच्या जमनाकाकी. तापीकाठचं गुजर शेतकरी घर, केळीची बाग, माणूस वारलेला. एकुलता एक मुलगा रतिलाल, त्यांचा ‘आंडोर’, मुंबईला कापडाच्या दुकानात. बाजाराच्या दिवशी काकी यायच्या, डोक्यावरची पाटी आमच्या दाराशी उतरवायच्या आणि बूथमध्ये रिसीव्हर धरून उभ्या राहायच्या. त्यांना पलीकडचं कधीच ऐकू आलं नाही. यशवंता सांगायचा. ‘रतिलाल म्हणतो’ असं म्हटलं की त्या गोंधळायच्या, म्हणून काकींसाठी तो रतिलाल होऊनच बोलायचा. पुस्तकी मराठी सोडून, थेट अहिराणीत. तार गंजली तर गंजो.

आणि त्याचं पहिलं वाक्य नेहमी तेच असे, “माय, जेवनी का?”

काकींचा चेहरा तिथेच उजळायचा. “हां भाऊ, जेवनू.” लेकालाही त्या भाऊच म्हणत. मग गाईचं, बागेचं, पुराचं.

माझ्या जादा हेडफोनात मला पलीकडचं ऐकू यायचं. रतिलाल म्हणायचा, “हां, बोल लवकर. काय काम होतं?”

हे मी काकींना कधी कळू दिलं नाही. यशवंतानेही नाही.

पण काकींचं एक मागणं असे. जाताना, पाटी उचलता उचलता म्हणायच्या, “यशवंता, तू सांगस ते बठं गोड शे. पन आवाज तुन्हा शे. एक डाव मन्हा आंडोरना आवाज माले आयकू दे ना भाऊ.”

नवं यंत्र आल्यानंतरच्या बाजारी काकी आल्या. गावभर बातमी होतीच. हात पदराला पुसून बूथमध्ये शिरल्या. “आते तं डायरेक्ट शे ना?”

यशवंता बोर्डाकडे बघत म्हणाला, “काकी, आज वारा शे. तारा हाली ऱ्हायन्यात.”

“वारा कथा शे? मन्हा पदर बी हाली नही ऱ्हायना.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. त्याने दोरी घातली. मुंबई लागली. मग डोक्यावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर ठेवून बसला.

त्या यंत्राने आवाज एवढा वाढवला होता की बूथमधून बाहेरपर्यंत येत होता. “हां, बोल. काय काम होतं? ... बरं. बरं. गिऱ्हाईक आहे, ठेवतो.”

बोर्डावर कॉल संपल्याची खूण पडली.

काकी तशाच उभ्या. रिसीव्हर कानाला. मग म्हणाल्या, “आवाज त्यानाच शे. जाड व्हयना थोडा.”

“हां काकी.”

“पन जेवनी का ते इचारं नही त्यानी.”

काकींनी रिसीव्हर तसाच धरून यशवंताकडे पाहिलं.

“तू इचार ना.”

त्याने हेडफोन उचलला, डोक्यावर चढवला. दोरी मुंबईच्या भोकातून काढली आणि हातातच ठेवली. बूथ चार पावलांवर, दार उघडं. तरी तो तोंडापुढे हात धरून, लांबच्या माणसाशी बोलावं तसा बोलला, “माय, जेवनी का?”

काकींनी दुसऱ्या कानावर हात दाबला, डोळे मिटले, आणि मुंबईपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“हां भाऊ, जेवनू. आन तू?”