तसबीरबाबांची पारू

तसबीरबाबा आपले फोटो कुणाच्या हातात देत नसत. धोतराला बोटं पुसून स्वतःच फोटो छातीशी धरत आणि समोरच्याला बजावत, "लांबूनच बगा. घामाचं बोट लागंल." सातच फोटो, घाटात आगगाडीचा रस्ता होत होता त्या दिवसांतले. फोटो काढणाऱ्या गोऱ्या साहेबाची फोटो उमटवायच्या काचांची पेटी बाबांनी दोन हिवाळे डोक्यावरून वाहिली होती. जाताना साहेबाने हे दिले.

मी कर्जतच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हा त्या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली होती. बाबा पळसदरीला एकटे राहत. गावाने ते फोटो इतक्यांदा पाहिले होते, की बाबा येताना दिसले की लोकांना कामं आठवत. त्या मुलखात माझंही कुणी नव्हतं. दर रविवारी मी पायी त्यांच्याकडे जाऊ लागलो.

एकदा त्यांना शाळेतल्या पुस्तकातला घाटाचा धडा वाचून दाखवला. कंपनीने डोंगर फोडले, कंपनीने पूल उभारले. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "कंपनीला हात किती व्हते, मास्तर?"

मग एकेका फोटोवरून त्यांनीच मला तो घाट शिकवला. सुरुंग भरायला माणूस कमरेला दोर बांधून कड्यावरून कसा सोडत. दोर रिकामा वर आला की मुकादम दुसऱ्याचं नाव कसं पुकारी. चौथा फोटो अर्धवट पुलाचा होता. खांबाशी टोपीवाले साहेब अगदी स्वच्छ, कोटाची बटणंसुद्धा मोजावीत. मागे फळ्यांवर धुरासारखे काही डाग.

"ही पारू. माझी बायको," एका डागाकडे बोट नेत बाबा म्हणाले. "साहेब म्हनला, हलू नका. डोईवर दगड घिऊन कोन उबं ऱ्हाईल? जो हलला तो पुसला."

पुढच्याच महिन्यात पटकीत ती गेली. तिची दुसरी तसबीर नव्हती.

फोटो पुन्हा छातीशी धरत ते म्हणाले, "मी पेटीपाशीच व्हतो. हाक मारली असती तर थांबली असती ती. साहेबाला भ्यालो."

तीन वर्षांनी माझी पुण्याला बदली झाली. घाटातून गाडीने बाबा कधीच गेले नव्हते. खंडाळ्यापर्यंत चला म्हटलं, तर मुकाट्याने आले. त्यांची नजर तोवर पार अधू झाली होती. "आला का पूल?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. मी "आला" म्हणताच त्यांनी खिडकीबाहेर डोकं काढलं आणि ओरडले, "पारू, थांब गं!"

डब्यातले लोक हसले. गाडी पूल ओलांडून गेली होती.

खंडाळ्याला उतरताना म्हणाले, "पोचलात की पत्र टाका. वाचून दावायला कोन नाय. पन टाका."

मी दोन पत्रं टाकली. उन्हाळ्याच्या सुट्टीत पळसदरीला गेलो, तेव्हा बाबांना जाऊन महिना झाला होता. दोन्ही पत्रं शेजारणीने न फोडता कोनाड्यात ठेवली होती. मी फोटोंचं विचारलं.

"त्यांच्याबरूबर सरणावर ठेवलं," ती म्हणाली. "त्यांचीच मानसं ती. मागं ठेवून कुनाला वळखू येनार व्हती, मास्तर?"

मला येत होती. पण ते तिला सांगून आता काय होणार होतं?