खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई

बहारीनच्या झिंज भागात आमच्या खालच्या मजल्यावर जालन्याच्या एक नर्सबाई राहतात. बोलतात हळू, आणि अर्धं वाक्य समोरच्यावर सोडून देतात. लहानपणी विहिरीत पडल्यापासून त्यांना पाण्याची धास्ती. बहारीनमध्ये नदी नाही, म्हणून त्यांच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्मा समुद्रात देतात. दोनदा त्या गुडघाभर पाण्यातून परत फिरल्या होत्या. या शुक्रवारी त्यांनी मला सोबत नेलं.

"पाळकसाहेब, हात सोडू नका," त्या बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकांना म्हणाल्या.

"नाही सोडत, ताई."

त्या पाण्याखाली गेल्या आणि काठावर मी टॉवेल घट्ट धरून उभी राहिले. वर आल्या त्या हसतच. मी टॉवेल पुढे केला, पण त्या बाहेर येईनात. पुढची बाई घाबरून थांबली होती. तिचा हात धरून त्या पुन्हा खोल पाण्यात निघाल्या, तेव्हा कुठे मी वाळूवर टेकले.