सहा नंबरचा कॉम्प्युटर

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या साली परभणीच्या एका सरकारी कचेरीत मला तीन महिन्यांची नोकरी लागली. पुढे ठेवायचं की नाही, हे साहेब ठरवणार होते. माझ्याकडे वायरीने एकमेकांना जोडलेले नऊ कॉम्प्युटर आणि त्यांच्या पत्त्यांची वही होती. पत्ता म्हणजे मध्ये टिंबं दिलेले चार आकडे. पहिले तीन सगळ्यांचे सारखे, गावाच्या नावासारखे. शेवटचा ज्याचा त्याचा, घर नंबरासारखा. पहिले तीन वरून ठरून आले होते. शेवटचा मी द्यायचा, कॉम्प्युटरमध्ये भरायचा आणि वहीत लिहायचा. पत्ते वाटायचा अधिकार मिळाला म्हणून मी जरा ताठच चालायचे.

एकदा सहा नंबर बिघडला आणि दुरुस्तीला औरंगाबादला गेला. त्याच आठवड्यात नवा कॉम्प्युटर आला. मी वहीत जुन्यावर रेघ मारली आणि सहा नंबर नव्याला देऊन टाकला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझं लग्न झाल्यावर वालूरला माहेरच्या रेशनकार्डावर असंच झालं होतं. माझ्या नावावर रेघ आणि खाली वहिनीचं नाव.

महिन्याने जुना दुरुस्त होऊन आला. सुरू केला आणि गोंधळ माजला. एकाला पाठवलेलं दुसऱ्याकडे जायचं, कधी दोघंही गप्प. साहेब सेलूचे, निवृत्तीला आलेले, तरी दोन दिवस टेबलाखाली वाकून वायर तपासत होते. तिसऱ्या दिवशी वही चाळताना मला ती रेघ दिसली. नंबर मी वहीत खोडला होता. जुन्या कॉम्प्युटरमध्ये तो तसाच होता.

माझी मुदत शनिवारी संपत होती. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. पण साहेबांचे धुळीने भरलेले गुडघे मला बघवेनात.

"साहेब, वायर सोडा. चूक माझी हाय," मी म्हणाले आणि रेशनकार्डासकट सगळं सांगितलं.

साहेब टेबलाखालून बाहेर आले, गुडघे झटकले आणि हसले. "नावावर रेघ मारली म्हणून लेक माहेरी यायची राहती का, बाई? त्याला नवा नंबर द्या. आपल्याकडं जागा लय हाय."

मी त्याला दहा नंबर दिला. दोन्ही कॉम्प्युटर शहाण्यासारखे चालू लागले. वही साहेबांनी माझ्याकडेच ठेवली.

शनिवारी मुदतवाढीचा फॉर्म समोर आला. हल्लीचा पत्ता मी परभणीचा, सासरचा लिहिला. त्याखाली कायमच्या पत्त्याचा रकाना होता. नोकरीला लागताना तिथेही सासरचंच घर लिहिलं होतं. या वेळी मी वालूर लिहिलं. साहेबांनी तो रकाना वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली.