लॅपटॉपचे कल्ले

दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या घरात एकच चिंता असायची. बॅटरी बाबांपर्यंत पुरणार का?

दादा आखातात नोकरीला होता. शुक्रवार त्याच्या सुट्टीचा, आणि आमच्याकडे मालवणच्या किनाऱ्यावर शुक्रवारी संध्याकाळी नेमकी लाईट जायची. लोडशेडिंगची ती वर्षं. मे महिन्यात रजेवर आला तेव्हा दादा त्याचा जुना लॅपटॉप घरी ठेवून गेला होता. त्याच्या कुशीत एक डेटा कार्ड खोचायचं आणि पडवीच्या एका ठरावीक कोपऱ्यात बसायचं, की रेंज यायची. आई लॅपटॉपखाली पाट मांडायची आणि पाटावर घडी घातलेली चादर. देवाला मांडतात तसा तो लॅपटॉप मांडला जायचा आणि त्याच्यात दादाचं तोंड उगवायचं.

बोलण्याचा क्रम कोणी ठरवला नव्हता, पण तो ठरलेला होता. आधी आई, मग वहिनी, मग मी. बाबा शेवटी. ते पायरीवर बसून जाळं शिवत राहायचे आणि बोलवलं तर म्हणायचे, "माका काय घाई नाय. तुमी बोला, मी मागसून बोलतंय."

सुरुवातीला हे निभावलं. सगळ्यांचं बोलून व्हायचं, बाबांचे चार शब्द व्हायचे, आणि तरी बॅटरी उरायची. जुलै संपता संपता मात्र काहीतरी बिघडलं. आईचं बोलणं होईतो बॅटरीचं चित्र लाल व्हायला लागलं. वहिनी आणि दादा नवराबायको, त्यांना घाई कोण करणार? मी माझं बोलणं दोन वाक्यांत आटपायची. बाबा जाळं बाजूला ठेवून, हात पुसून उठायचे आणि पडदा काळा व्हायचा.

"रवांदे," बाबा म्हणायचे. "पुढल्या शुक्रवारी." आणि परत जाळ्याला बसायचे.

असे किती शुक्रवार गेले ते मी मोजले नाहीत. पण प्रत्येक वेळी बाबा आधी हात पुसायचे, ते मला बघवायचं नाही.

मी तेव्हा कणकवलीला कॉलेजात शिकत होते. कॉम्प्युटरचं ज्ञान यथातथाच, पण खोड अशी की एखादी गोष्ट का होते हे कळेपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. लहानपणी घड्याळ उघडून आईचा मार खाल्ला होता. आता मार खायचं माझं वय उरलं नव्हतं, त्यामुळे मी मोकाट सुटले.

आधी बस डेपोजवळच्या एका दुकानात लॅपटॉप नेला. दुकानदारानं तो उघडलाही नाही. हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बॅटरी मेली. नवी घाला." मासळी घेणारासुद्धा कल्ला उचलून बघतो, आणि हा मेली म्हणून मोकळा! मी लॅपटॉप पिशवीत घालून घरी आणला.

मग कॉलेजातल्या एका मुलीनं मला ती तीन बटणं शिकवली, जी एकदम दाबली की आत कोण काय करतंय त्याची यादी समोर येते. मला ती यादी भयंकर आवडली. शेजारणीच्या घरात न जाता तिच्या चुलीवर काय शिजतंय ते कळावं, तशी सोय! वर एक हिरवी पट्टी होती, प्रोसेसर किती राबतोय ते सांगणारी. ती शंभराला टेकून बसली होती. आम्ही नुसतं दादाचं तोंड बघत होतो आणि हा बापडा आत घाम गाळत होता. कशासाठी?

यादीत पहिला गुन्हेगार सापडला तो मीच आणलेला. व्हायरस मारणारा एक प्रोग्रॅम दादानं घातला होता, आणि एक मी मैत्रिणीच्या सीडीवरून घातला होता, जास्त काळजी म्हणून. एका म्यानात दोन तलवारी. दोघंही दिवसभर एकमेकांवर पहारा करत बसले होते. माझा काढून टाकला. पट्टी थोडी उतरली, मग परत चढली.

मग मी जे कोणी आपणहून सुरू होत होते त्यांना एकेक करून बंद केलं. त्या नादात प्रिंटरचाही एक प्रोग्रॅम उडवला. प्रिंटर आमच्याकडे नव्हताच, पण तरी मला उगीच चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं वाटलं. यादी आखूड झाली. पट्टी मात्र पाच-दहा मिनिटं बरी राहायची आणि मग वर जाऊन बसायची. लॅपटॉप थंड असताना शहाणा, तापला की वेडा. आणि तापायचा किती! आतला पंखा असा घोंघावायचा की वहिनी म्हणायची, "स्टोव्ह पेटवलंस काय गो?"

इथं मी अडकले. पंखा एवढा फिरतोय तर लॅपटॉप गार का होत नाही?

उत्तर आमच्या मांजराकडे होतं, हे मला उशिरा सुचलं. मे-जूनमध्ये लॅपटॉप चालू झाला की मांजर येऊन त्याच्या डाव्या अंगाला चिकटून बसायचं. तिथून ऊन ऊन वारा यायचा. आई हाकलून हाकलून दमली होती. एका गुरुवारी तिन्हीसांजेला माझ्या लक्षात आलं, की कितीतरी दिवसांत आईनं मांजराला हाकललेलं नाही. ते लॅपटॉपकडे फिरकतच नव्हतं.

आईनं नुकताच दिवा लावला होता. मी देवापुढची पेटती उदबत्ती उचलली आणि लॅपटॉपच्या डाव्या अंगाला धरली. पंखा आत बोंबलत होता आणि धूर सरळ वर जात होता. जरासुद्धा हलला नाही.

"देवाची उदबत्ती त्येका कित्या ओवाळतंस?" आई ओरडली.

मी बॅटरी आणून, म्हणजे हातातली विजेरी आणून, जवळून पाहिलं. डाव्या अंगाला बारीक फटी असतात, त्या फटी नव्हत्याच. तिथं काळं, गुळगुळीत, नीट घोटलेलं काहीतरी होतं. लॅपटॉप उलटा केला. पोटाखालच्या जाळीचंही तेच. चादरीवर बसवलेला असल्यामुळे ते पोट कोणी कधी पाहिलंच नव्हतं. नखानं खरवडलं तर नखाला वास आला. राळेचा वास! हा वास आमच्या घरात दर पावसाळ्यात असतो. होड्या वर ओढल्या की फळ्यांमधल्या फटीत कापूस ठासतात आणि वरून तेलात कढवलेली राळ भरतात.

"बाबा," मी पायरीकडे बघून विचारलं, "ह्या कोणी केला?"

"मी केलंय," बाबा म्हणाले. आणि लगेच काळजीनं, "कित्या? खंयसून गळता?"

कुठून गळतंय, म्हणे! मला हसू आवरेना. बाबा जाळं टाकून आले आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. जुलै महिन्यात आमचा टीव्ही बंद पडला होता. दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण काढून बाबांना आतला गंज दाखवला होता. खाऱ्या हवेनं खाल्लान, म्हणाला होता. बाबांनी घरी येऊन लॅपटॉप बघितला तर त्याला सगळीकडे भोकं. होडीची राळ कढवलेली होतीच. तिच्यात थोडी काजळी मिसळली, रंगाला रंग मिळावा म्हणून, आणि आम्ही दुपारी झोपलेलो असताना कापूस ठासून एकेक फट बुजवली.

"टीव्ही गेलो तर गेलो," ते म्हणाले. "पण ह्यो गेलो तर झिल खंय दिसतलो?" झिल म्हणजे मुलगा, आमचा दादा.

"आणि मग बॅटरी उतराक लागली तेव्हा?"

"तेव्हा माका वाटला, वारो अजून खंयसून तरी शिरता. म्हणान आणखी एक हात दिलंय."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. लॅपटॉप गुदमरत होता, गुदमरला की हळू पडत होता, हळू पडला की साधं कामही त्याला डोंगराएवढं होत होतं, आणि पट्टी शंभराला. बॅटरी पंख्यावर आणि त्या धापा टाकण्यावर संपत होती. बाबांनी आपल्याच हातानं आपली पाळी बुजवली होती, तीही दोनदा. माझं हसू तिथंच थांबलं. मला बाबांची फार माया आली.

पण समजावायचं कसं? होडीवाल्याला सांगायचं की भोक चांगलं असतं! मी म्हटलं, "बाबा, ही होडी नाय. ह्यो मासो आसा. ते त्याचे कल्ले."

बाबांनी खाली वाकून त्या काळ्या पट्टीवर बोट फिरवलं.

"कल्ले बुजवलंय मी," ते हळूच म्हणाले.

मला त्यांनी हात लावू दिला नाही. जाळं शिवायच्या सुईनं त्यांनी स्वतः एकेक फट मोकळी केली. आतला कापूस चिमटीनं असा अलगद ओढला की एक धागा मागं राहिला नाही. लॅपटॉप सुरू केला तेव्हा डाव्या अंगानं धुळीचा एक लोट निघाला आणि मग ऊन ऊन वारा. बाबा तिथं हात धरून बसले. हिरवी पट्टी खाली आली ती खालीच राहिली. थोड्या वेळानं मांजर आलं, आणि त्या दिवशी आईनं त्याला हाकललं नाही. चादर मात्र तिनं आपणहून काढली आणि पाटावर दोन करवंट्या पालथ्या घातल्या, लॅपटॉपच्या पोटाखाली वारा खेळावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. लाईट ठरल्यासारखी गेली. आई बोलली, वहिनी पोटभर बोलली, मीसुद्धा बोलले, आणि बॅटरी अर्धीही उतरली नव्हती.

"बाबा, आता तुजी पाळी."

बाबांनी हात पुसले. खुंटीवरचा सदरा घातला, वरपर्यंत बटणं लावली आणि लॅपटॉपसमोर मांडी घातली. इतक्या शुक्रवारांचं साठलेलं काय काय बोलतील, म्हणून आम्ही तिघी कान देऊन उभ्या होतो. बाबा नुसते बघत राहिले. दादाही बघत राहिला. शेवटी बाबांनी विचारलं,

"थंय वारो खंयचो?"

दादा गोंधळला. त्याची खोली सातव्या मजल्यावर, खिडकी बंद, एसी चालू. त्याला वाऱ्याचं काय ठाऊक! "बघान सांगतंय," म्हणून तो उठला. पडद्यावर रिकामी खुर्ची दिसत राहिली. आई कुजबुजली, "बॅटरी जातली मगे." बाबा त्या खुर्चीकडे निवांत बघत होते, मुलगा शेजारच्या खोलीत गेल्यासारखे.

दादा परत आला तेव्हा त्याचे केस विस्कटले होते. "उत्तरेचो, बाबा. गरम आसा. धूळ पण खूप."

"हं," बाबा म्हणाले. मग त्यांनी एक बोट लॅपटॉपच्या डाव्या अंगाला धरलं, जिथून ऊन वारा येत होता. "खिडकी सदीच बंद असता?"

"एसी आसा ना, बाबा."

"तरी थोडी उघडी ठेवत जा रे."

दादा पुन्हा उठला. खिडकी सरकल्याचा आवाज आला, आणि स्पीकरमधून घोंघावत तिकडचा वारा आमच्या पडवीत आला. दादा येऊन बसला. बापलेक ते ऐकत समोरासमोर बसून राहिले, आणि बॅटरी होती, म्हणून मी कोणालाच घाई केली नाही.