दिलेली चादर परत मागणारा माणूस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मला बोल लावू नका. चहा येतोय तोवर सांगून टाकतो. माझ्या हातून आजवर पुष्कळ गाढवपणा झाला, पण तो सगळा सोलापुरातल्या सोलापुरात. हा एकच असा, की त्यासाठी मी पासपोर्ट काढून परदेशात गेलो!

तर आमचं चादरीचं दुकान. आता सोलापुरात चादरीचं दुकान म्हणजे काय मोठी गोष्ट नाही, दगड मारला तर तो कुठल्या तरी चादरीवरच पडायचा. पण घडी मात्र आमच्यासारखी कुणाची नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. वडिलांनी मला वयाच्या नवव्या वर्षी घडी शिकवली. नक्षी बाहेर, कड आत, चारी कोपरे एकावर एक. चादरीत एखादा धागा सुटला असेल, कड विरली असेल, तरी माझ्या घडीत ती अशी दिसते की आत्ताच मागावरून उतरली. याच घडीनं माझा घात केला.

आणि दुसरी आमची सवय म्हणजे चादर देणं. सोलापुरात माणूस जरा वेळ एका जागी उभा राहिला की त्याच्या हातात चादर पडते. बदलून आलेला साहेब, बदलून चाललेला साहेब, निवडून आलेला, पडलेला, सगळ्यांना चादर. मग मी परदेशात मोकळ्या हातानं जाणार होय?

व्हिएतनाम आणि कंबोडिया, आठ दिवसांची ग्रुप टूर. सोबत माझी पाच वर्षांची मुलगी अनू आणि माझी थोरली बहीण. तिला मी अक्का म्हणतो. अक्का अक्कलकोटला दिलेली, बोलते मराठी, चिडते कन्नडमध्ये. तुम्ही म्हणाल, सोलापूरचा चादरवाला व्हिएतनामला कशाला गेला? तर आमच्या फ्रिजवर एक फोटो होता. हिरवं पाणी, त्यातून वर आलेले उंच उंच डोंगर, मधून चाललेली बोट. माझ्या बायकोनं, सुवर्णानं, कुठल्याशा जाहिरातीतून कापून चिकटवलेला. "अनू पाच वर्षांची झाली की आपण तिघं इथं जायचं," असं तिचं ठरलेलं.

अनू साडेतीन वर्षांची असताना सुवर्णा गेली. शेवटचे तीन महिने पुढच्या खोलीत पलंगावर होती. अंगावर मरून रंगाची, मोराच्या नक्षीची आमच्याच दुकानातली चादर. तिनं स्वतः निवडलेली. ती गेल्यावर बायकांनी घरातलं सगळं धुऊन काढलं, पण ती चादर मी कपाटात लपवली. तिला सुवर्णाच्या केसांना लावायच्या बदामतेलाचा वास होता, बामाचा होता, आणि आणखी एक होता, त्याला नाव नाही. दीड वर्ष मी ती चादर धुवू दिली नाही.

अक्का दर खेपेला आली की म्हणायची, "आरं शिवा, वास मारायलीय ती! दे हिकडं, धुऊन टाकते."

"अक्का, अनूला तिच्याशिवाय झोप येत नाही," मी म्हणायचो.

अक्का माझ्याकडं बघायची आणि गप्प बसायची. अक्का गप्प बसते म्हणजे काहीतरी कळलंय, हे मला तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

तर निघताना मी भेट द्यायला सहा नव्या चादरी घेतल्या. कुठल्या? मरून रंग, मोराची नक्षी! दुकानात चाळीस नमुने असताना हात तिथंच गेला. आणि सातवी सुवर्णाची. प्रवासात मळू नये म्हणून तिलाही नवीन चादरीच्या चेनवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. अशी पिशवी आपल्या घरात कुणी फेकून देतं का? आणि घडी घातली. कशी? नक्षी बाहेर, कड आत, चारी कोपरे एकावर एक!

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं.

हनोईत आम्हाला लिन नावाची गाईड मिळाली. पोरगी सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल, पण जीव लावणारी. दोन दिवस अनूला कडेवर घेऊन फिरली. अनू तिच्या केसांत हात घालून बसायची, तेव्हा मी दुसरीकडं बघायचो. तिसऱ्या दिवशी तिनं आम्हाला त्या फोटोतल्या खाडीच्या धक्क्यावर आणून सोडलं. पुढं एक दिवस-रात्र बोटीवर, आणि ती परत तिच्या घरी. मी लगेच बॅगेत हात घालून चादर काढली. बत्तीस प्रवाशांसमोर दोन शब्द बोललो. टाळ्या झाल्या.

अक्का म्हणाली, "अंगावर घाल की तिच्या, पिशवीतच काय देतूस?"

मी म्हणालो, "नव्या चादरीची घडी ज्याची त्यानंच मोडावी. दुकानाचा नियम आहे."

केवढा रुबाब! लिननं दोन्ही हातांनी पिशवी घेतली, वाकली, आणि गेली.

दुपारी बोटीवर जेवणं झाली, अनूची झोपायची वेळ झाली. मी दुसरी पिशवी उघडली, चादर झटकली. खळीचा वास आला. कोरीकरकरीत! बाकीच्या पाच पिशव्या उघडल्या. पाचही नव्या.

मटकन खाली बसलो मी बोटीवर.

आमच्या टूर मॅनेजर मेधाताई, पुण्याच्या, शांत बाई. त्या धावत आल्या. "काय झालं काका? चक्कर आली का?"

"चादर गेली! माझ्या पोरीची चादर! तिला त्याशिवाय झोप येत नाही!"

"अहो, पण तुम्हीच दिलीत ना ती लिनला? आम्ही टाळ्या वाजवल्या!"

"परत मागा!"

"दिलेली भेट परत कशी मागायची, काका?"

"तुम्ही फोन लावा. मी मागतो. पाय धरतो तिचे."

झालं, बोटभर बातमी पसरली की एका आईविना पोरीला झोप येत नाहीये. नाशिकच्या एका बाईंनी शाल आणली. एका रिटायर झालेल्या काकांनी अंगाई सुरू केली, आवाज असा की बोटीचा कप्तान बाहेर आला. कुणी गरम दूध आणलं, कुणी बडीशेप. मी मध्ये उभा राहून दोन्ही हात वर करून ओरडत होतो, "हळू बोला! हळू बोला! माझी पोरगी झोपायचीय!"

"कुटं हाय तुजी पोरगी?" अक्का म्हणाली.

बघतो तर अनू अक्काच्या मांडीवर, बोटीवरचं केशरी लाइफ जॅकेट उशाला घेऊन, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली.

"रडून रडून दमली असेल," मी म्हणालो.

"रडली कवा ती?"

"मनातल्या मनात रडली असेल!"

"सुम्निरो!" अक्का म्हणाली. म्हणजे गप बस रे. कन्नडवर आली, म्हणजे पुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळपर्यंत मी बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फोन वर धरून फिरत होतो. नेटवर्क यायचं, जायचं. अनू उठली आणि कठड्याशी उभी राहून ओरडली, "पप्पा, फ्रिजवरचा फोटो आला! बघा ना!"

"आलो, आलो," मी म्हणालो आणि फोन आणखी वर धरला.

मंडळी, ज्यांच्यासाठी दीड वर्ष दिवस मोजले ते डोंगर माझ्या दोन्ही बाजूंनी गेले. मी पाहिले नाहीत. सुवर्णानं विचारलं असतं, कसे होते, तर मी काय सांगणार होतो? नेटवर्कच्या दोन दांड्या होत्या म्हणून?

शेवटी रात्री उशिरा मेधाताईंचा लिनशी फोन लागला. त्यांनी सगळं सांगितलं, चादर कुणाची, ती बाई आता नाही, वगैरे. लिननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या आईला दिलीय. उद्या विमानतळाच्या वाटेवरच आमचं घर आहे, या."

दुसऱ्या दिवशी अख्खी बस लिनच्या गल्लीच्या तोंडाशी उभी. बत्तीस माणसं खिडक्यांतून बघतायत, सोलापूरचा माणूस दिलेली भेट परत घ्यायला चाललाय! आमच्या वडिलांनी दुकानातून आयुष्यभरात एक चादर परत घेतली नाही. आणि मी!

अक्का आणि अनूला घेऊन आत गेलो. घर लहानसं, स्वच्छ. समोरच त्यांच्या गेलेल्या माणसांचं देवघर. त्यात फोटो, फळं, उदबत्ती. आणि खुर्च्यांच्या पाठींवर पसरलेली सुवर्णाची चादर. शेजारी लिनची आई, साठीची, हातात केस वाळवायचं मशीन घेऊन चादरीवर फिरवत होती.

मी जागच्या जागी थांबलो. कारण ती ओली होती.

लिननं सांगितलं. आईनं पिशवी उघडली तेव्हाच तिला कळलं, की ही कुणीतरी वापरलेली आहे. पण एवढ्या लांबून आलेल्या माणसानं दिलीय, त्याच्याकडं दुसरं नसेल, असं म्हणून ती काही बोलली नाही. संध्याकाळीच धुतली. विरलेली कड लाल दोऱ्यानं शिवली. नंतर कळलं चादर कुणाची आहे, तेव्हा सकाळी उदबत्ती लावली आणि वाळवत बसली. सोलापुरी चादर हो ती! आमच्या उन्हात वाळायला दिवस घेते, तिथल्या दमट हवेत कशी वाळणार? बाई पहाटेपासून ते मशीन धरून उभी होती.

मी चादर उचलली आणि तोंड खुपसलं. लिंबाचा वास आला. साबणाचा. दुसरी बाजू हुंगली, कोपरे हुंगले, मधला मोर हुंगला. सगळीकडं लिंबू.

सुवर्णा नव्हती.

मग मला जे रडू फुटलं! सुवर्णा गेली तेव्हा माणसं होती, फोन होते, दुकान होतं, अनू होती. तेव्हा मी रडलो नव्हतो. ते सगळं त्या परक्या बाईच्या घरात, प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसून बाहेर आलं. बाहेर बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि आत मी!

लिनच्या आईनं माझ्याकडं पाहिलं, चादरीच्या शिवणीकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, शिवण आवडली नाही. बिचारी आत गेली, कात्री घेऊन आली, आणि एक एक टाका उसवायला लागली! मी रडत रडत "नको, नको" म्हणतोय मराठीत, ती मान हलवून उसवतेय. शेवटी अक्कानं कात्री काढून घेतली, त्या बाईचे हात हातात धरले आणि तिच्याशी कन्नडमध्ये बोलली. काय बोलली कोण जाणे. तिला समजलं.

मी अनूला जवळ घेतलं. म्हणालो, "बाळा, चुकलो मी. तुझ्या चादरीतला आईचा वास गेला. आता तुला झोप कशी यायची?"

अनू माझे डोळे पुसत म्हणाली, "पप्पा, मला ती टोचते."

"काय?"

"टोचते आणि गरम पण होतं. पण तुम्ही रोज माझ्यावर घालता आणि मग कोपरा धरून बसता. म्हणून मी काढत नाही."

मी अक्काकडं पाहिलं. अक्का हळू आवाजात म्हणाली, "शिवा, पोरगी बशीत झोपती, बोटीवर झोपती, कुटंबी झोपती. दीड वर्स झालं, जागं कोण हाय?"

 मी उरलेल्या सहाही नव्या चादरी लिनच्या आईच्या पुढ्यात ठेवल्या आणि सुवर्णाची उचलली. ओली चादर बॅगेत घालता येईना, म्हणून खांद्यावर घेतली. जन्मभर दुसऱ्यांचे सत्कार केले, शेवटी माझा झाला. तोही ओल्या चादरीनं. तसाच विमानात बसलो, तसाच संध्याकाळी कंबोडियात उतरलो.

तिथं बाहेर नवा गाईड उभा. आदल्या दिवशी बोटीवरून मेधाताईंनी त्याला निरोप धाडला होता, ग्रुपमध्ये एकाला पांघरुणाशिवाय झोप येत नाही, काळजी घ्या. बिचारा बाजारात जाऊन हत्तींच्या चित्राचं छोटंसं मऊ पांघरूण घेऊन आला होता. ते दोन्ही हातांवर धरून त्यानं मोठ्यानं विचारलं, पांघरुणाशिवाय ज्यांना झोप येत नाही, ते कोण?

बत्तीस जणांनी अनूकडं पाहिलं.

अनूनं माझ्याकडं बोट दाखवलं.

त्या माणसानं मला, बेचाळीस वर्षांच्या, मिशीवाल्या, खांद्यावर ओली चादर घेतलेल्या माणसाला, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग वाकला आणि हत्ती माझ्या हातात दिले. मी घेतले. नाही कशाला म्हणू?

पुढचं मला अक्कानं सांगितलं. बसमध्ये बसलो आणि बस सुटायच्या आत मला झोप लागली. दीड वर्षानं पहिल्यांदा. हॉटेल आलं, सामान उतरलं, लोक हाका मारू लागले, कुणी खांदा हलवू लागलं. तर अनू सीटवर उभी राहिली, दोन्ही हात वर केले, आणि सगळ्या बसला म्हणाली, "हळू बोला! हळू बोला! माझे पप्पा आत्ता झोपलेत!"